गेला, हे ठरवायचं कुणी?

रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा या पट्ट्यात सकाळी येणारा तो फोन दोन वाक्यांत संपतो. ‘बाबा गेले. माती चार वाजता हाय.’ कोणत्या घरी अग्नी द्यायचा आणि कोणत्या घरी खड्डा खणायचा, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. त्याला फक्त वेळेत पोचायचं असतं. नागपूरहून लेक निघते, छिंदवाड्याहून भाऊ निघतो, तोवर अंगणात बांबू येऊन पडलेले असतात आणि कुणीतरी सुतळीचं बंडल आणायला पळालेलं असतं. उन्हाळ्यात घाई आणखी वाढते. पारा 45 अंशांच्या आसपास असताना देह दिवसभर घरात ठेवायचा कसा? शिवाय सूर्यास्ताच्या आत आटोपलेलं बरं, असा रिवाज. शेवटचा श्वास आणि चिता यांच्यात सहा-आठ तासांचं अंतर राहिलं तरी पुष्कळ झालं.

एवढ्या वेळात माणूस खरंच गेला आहे, हे ठरवतं कोण? गावात घरीच मरण आलं तर बहुधा एखादा जाणता शेजारी. तो नाकाशी सूत धरतो, मनगट चाचपतो, छातीला कान लावतो, पापणी वर करून पाहतो आणि मान हलवतो. मग बायका हंबरडा फोडतात. डॉक्टर या सगळ्यात असतोच असं नाही. 2020 साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलं होतं असे मृत्यू साधारण साडेबावीस टक्के होते. बाकीच्यांच्या बाबतीत घरच्यांनी सांगितलं आणि दप्तरात नोंद झाली.

या जाणत्या शेजाऱ्याच्या जागी अठराव्या शतकात युरोपातले नामांकित डॉक्टर होते, आणि त्यांच्याहीजवळ सूत, आरसा आणि बोटं याखेरीज काही नव्हतं. जिवंतपणी पुरलं जाण्याच्या भीतीचं मूळ तिथे आहे. 1740 साली पॅरिसमध्ये विन्स्लो नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञानं प्रबंध लिहून सांगितलं की मृत्यूची सगळी लक्षणं फसवी आहेत, देह सडायला लागला तरच खात्री धरावी. लहानपणी त्यालाच मेलेला समजले होते, असं म्हणतात. ब्रुइए या डॉक्टरनं तो लॅटिन प्रबंध फ्रेंचमध्ये आणला आणि त्यात जिवंतपणी पुरलेल्या, पेटीत जागं झालेल्या, शवविच्छेदनाच्या टेबलावर ओरडलेल्या माणसांच्या हकिगती घातल्या. एकूण 181 प्रकरणं. त्यांतली बरीचशी ऐकीव होती. पण ऐकीव गोष्टीला पाय फुटतात तसे खऱ्याला फुटत नाहीत. पुस्तक भाषांतरांतून युरोपभर पसरलं आणि शहाणीसुरती माणसं मृत्युपत्रात विचित्र कलमं घालू लागली.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1799 साली मरणशय्येवर बजावलं, तीन दिवस व्हायच्या आत मला थडग्यात ठेवू नका. परीकथा लिहिणारा हान्स अँडरसन झोपताना उशाशी चिठ्ठी ठेवायचा, की मी फक्त मेल्यासारखा दिसतोय. आल्फ्रेड नोबेलच्या ज्या मृत्युपत्रातून नोबेल पारितोषिकं निघाली, त्याच मृत्युपत्राच्या शेवटी एक सूचना आहे: मेल्यावर माझ्या शिरा कापा, डॉक्टरांकडून खात्री करून घ्या आणि मग देहाचं दहन करा. स्फोटकांचा कारखाना काढणारा हा माणूस सुरुंगाला भ्याला नाही, पेटीला भ्याला.

1830 नंतर पटकीच्या साथी आल्या तेव्हा ही भीती पिसाटली. पटकीत शरीरातलं पाणी संपतं, अंग गार पडतं, नाडी बोटाला लागत नाही, आणि साथीच्या धास्तीनं पुरायची घाई असते. बेल्जियन चित्रकार वीर्ट्झनं 1854 साली यावर चित्रच काढलं. अर्धवट उघडलेल्या शवपेटीतून एक हात आणि दोन भेदरलेले डोळे बाहेर आलेत, आणि पेटीवर मृत्यूचं कारण लिहिलंय: पटकी.

लोक घाबरले की बाजारात उपाय येतात. ब्रन्स्विकच्या ड्यूक फर्डिनंडनं 1792 साली मरण्याआधी स्वतःसाठी पेटी करवून घेतली, तिला उजेडासाठी खिडकी, हवेसाठी नळी आणि आतून उघडता येईल असं कुलूप. किल्ली कफनाच्या खिशात. 1843 साली बाल्टिमोरच्या आयझेनब्रांटनं स्प्रिंगच्या झाकणाची पेटी काढली. आतल्यानं जरा हालचाल केली की झाकण उडायचं. वरून सहा फूट माती पडल्यावर ते कुठे उडणार, याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

मला सगळ्यांत आवडते ती न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या फ्रान्झ व्हेस्टरची पेटी. तिचं पेटंट 25 ऑगस्ट 1868 चं. पेटीच्या तोंडाकडच्या बाजूला चौकोनी नळकांडं बसवलेलं, ते थेट जमिनीच्या वर निघतं. नळकांड्यात शिडी. वर घंटा, तिची दोरी खाली येऊन निजलेल्याच्या हातात दिलेली. जाग आली आणि अंगात ताकद असली तर शिडीनं चढून यायचं. ताकद नसली तर दोरी ओढायची. आणि खरी गंमत पुढे आहे. काही दिवसांनी वरून डोकावून पाहायचं. माणूस खरंच गेला आहे अशी खात्री पटली की नळकांडं उपसून काढायचं, सरकतं झाकण बंद करायचं आणि तेच नळकांडं पुढच्या गिऱ्हाइकाला वापरायचं! हिशेबी माणूस.

रशियाच्या झारच्या दरबारातल्या काउंट कार्निस-कार्निकीनं 1897 साली काढलेलं यंत्र आणखी नाजूक होतं. मृताच्या छातीवर काचेचा गोळा, तो स्प्रिंगला जोडलेला, स्प्रिंग नळीतून जमिनीवरच्या लोखंडी डब्याला. छाती जराशी वर आली की डबा उघडायचा, हवा आणि उजेड आत जायचा, वर झेंडा उभा राहायचा, घंटा वाजायची. कल्पना बिनचूक होती, पण मेलेला देह स्थिर नसतो हे त्यात धरलंच नव्हतं. पोटात वायू धरतो, देह फुगतो, छाती आणि हात सरकतात. म्हणजे घंटा वाजणार ती बहुतेक वेळा सडण्यामुळे. जुन्या कबरी उघडल्यावर देह कुशीवर वळलेला, तोंड वासलेलं, नखं वाढलेली दिसली की लोक हादरायचे, त्याचंही कारण हेच. नखं मेल्यावर वाढत नाहीत. कातडी वाळून मागे सरते, म्हणून ती लांब दिसतात.

या सगळ्या पेट्यांनी मिळून एकाही माणसाचा जीव वाचवल्याची खात्रीलायक नोंद नाही.

जर्मनांनी वेगळा रस्ता धरला. हुफेलांड या डॉक्टरच्या आग्रहावरून 1790 च्या दशकाच्या सुरुवातीला वायमारमध्ये एक घर बांधलं गेलं. देह तिथे आणून ठेवायचे आणि सडण्याची खूण दिसेपर्यंत पहारा द्यायचा. अशी मृतगृहं मग इतर शहरांतही झाली. म्युनिकच्या मृतगृहात फुलांमध्ये ठेवलेल्या देहाच्या बोटात अंगठी असायची, अंगठीला तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला पहारेकऱ्याच्या खोलीतली घंटा. अमेरिकन लेखक मार्क ट्वेननं ते पाहून 1883 च्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं आहे. पहाऱ्यावरचा तो माणूस रात्रभर मेलेल्यांच्या घंटेकडे कान लावून बसलेला. नोकरी म्हणून याहून वाईट काही मला सुचत नाही.

हाच ट्वेन जानेवारी 1896 मध्ये मुंबईत आला आणि मलबार हिलवरच्या पारशांच्या डुंगरवाडीवर गेला. तिथे त्यानं अंत्ययात्रेत कुत्रा पाहिला. हा विधी म्हणजे सगदीद. डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, म्हणून ‘चार डोळ्यांचा’ म्हटला जाणारा कुत्रा देहाजवळ आणतात आणि त्याला चेहरा दाखवतात, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. कारण धार्मिक आहे, कुत्र्याच्या नजरेनं अशुभ शक्ती दूर होते असं. पण पारशी धर्मविधींचे मुंबईतले मोठे अभ्यासक जीवनजी जमशेदजी मोदी यांनी या विधीची चर्चा करताना दुसराही एक समज नोंदवला आहे: देहात धुगधुगी उरली असेल तर ती कुत्र्याला कळते. वास आणि बारीक हालचाल टिपण्यात कुत्रा विन्स्लोच्या आरशाला हार जाणार नाही, एवढं मी मानायला तयार आहे. त्याच 1896 साली लंडनमध्ये अकाली दफन टाळण्यासाठी संस्था निघाली आणि तिच्या संस्थापकांपैकी विल्यम टेब यानं या विषयावर जाडजूड ग्रंथ काढला.

पेट्यांचा धंदा मात्र एका साध्या लाकडी नळीनं बसवला. लाएनेक या फ्रेंच डॉक्टरनं 1816 साली स्टेथोस्कोप काढला होता. पण नाडी लागत नसली तरी हृदय चालू असू शकतं आणि ते ऐकता येतं, ही गोष्ट मृत्यूच्या खात्रीसाठी वापरायला आणखी तीस वर्षं लागली. अकाली दफन टाळण्याच्या उत्तम उपायासाठी रोमचे प्राध्यापक मान्नी यांनी 1500 फ्रँकचं बक्षीस ठेवलं होतं. ते पॅरिसच्या बूशू या तरुण डॉक्टरनं मिळवलं. त्याचं उत्तर असं: हृदयाचा आवाज दोन मिनिटं अजिबात ऐकू आला नाही तर माणूस मेला. लोक हसले, चिडले, दोन मिनिटं पुरत नाहीत म्हणाले. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. आज ब्रिटनमध्ये डॉक्टरनं किमान पाच मिनिटं पाहावं असा दंडक आहे. पण दिशा बूशूची होती. पेटीत काय बसवायचं याचा विचार त्यानं सोडला आणि पेटीत घालण्याआधी कुणी, किती वेळ, काय ऐकायचं ते सांगितलं.

आपल्याकडे पेटी नव्हती, तेव्हा घंटाही नव्हती. चितेतून कुणी दोरी ओढणार नाही. आपल्याकडे जे होतं ते वाटेवरचं: विसावा. घर आणि स्मशान यांच्या मध्ये तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी जागा बदलतात, पुढचे मागे आणि मागचे पुढे होतात. काही गावांत तोंडावरचं कापड सारून शेवटचं पाहून घेतात. म्हातारी माणसं सांगतात, जीव असला तर धक्क्यानं कळावं म्हणून. धर्मशास्त्राची कारणं वेगळी आहेत आणि हे स्पष्टीकरण मागाहून चिकटवलेलं असावं असा माझा कयास आहे. पण चिकटवणाऱ्याला ही भीती होती, एवढं नक्की.

शास्त्रकारांनाही होती. मेला समजून ज्याचे अंत्यसंस्कार उरकले तो परत आला तर काय करायचं, याचा विधी त्यांनी सांगून ठेवला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात तो सापडतो. परत आलेल्याला तुपाच्या भांड्यात बुडवून काढायचं, मग जातकर्मापासून सगळे संस्कार नव्यानं करायचे, आणि बायको असेल तर तिच्याशीच पुन्हा लग्न लावायचं. जवळजवळ अशीच चाल प्राचीन लेखक प्लुटार्कनं ग्रीकांची सांगितली आहे. ज्याची उत्तरक्रिया झाली तो अशुद्ध, त्यानं नव्या बाळासारखं न्हायचं, दुपट्यात गुंडाळून घ्यायचं, दूध प्यायचं. दोन्हीकडे नियम करण्याइतकी वेळ आली असणार.

वेळ अजूनही येते. 16 डिसेंबर 2024 ला कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या 65 वर्षांच्या गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला, रुग्णालयातून मृत म्हणून त्यांना घरी आणायला निघाले, घरी पाहुणे जमू लागले. रुग्णवाहिका गतिरोधकावरून गेली आणि घरच्यांना त्यांची बोटं हलताना दिसली. दुसऱ्या रुग्णालयात नेलं, उपचार झाले आणि पंधरा दिवसांनी ते चालत घरी आले. विसाव्याचं काम गतिरोधकानं केलं, अशी थट्टा झाली. धक्क्यानं बंद हृदय सुरू झालं असं समजू नये. ते बंद नव्हतंच, किंवा छाती दाबणं थांबवल्यावर काही मिनिटांनी आपोआप सुरू झालं असेल. याला लाझारस परिणाम म्हणतात, वैद्यकीय वाङ्मयात 1982 पासून त्याच्या नोंदी आहेत, आणि म्हणूनच प्रयत्न थांबवल्यावरही दहा मिनिटं रुग्णावर नजर ठेवावी असा सल्ला देतात.

मे 2021 मध्ये बारामती तालुक्यातल्या मुढाळे गावची 76 वर्षांची कोरोनाबाधित आजी खाट मिळण्याची वाट पाहत गाडीतच बेशुद्ध पडली. घरच्यांनी गेली असं धरलं, घरी आणली, तिरडीवर घेतली, आणि ती रडू लागली. इथे डॉक्टर चुकला नव्हता; डॉक्टरपर्यंत ती पोचलीच नव्हती. जुलै 2015 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात मृत ठरवलेला बेघर माणूस शवविच्छेदनाआधी श्वास घेताना आढळला. मृत ठरवल्यावर दोन तास वॉर्डातच ठेवायचा नियम होता, तो पाळला गेला नव्हता. आणि जुलै 2025 मध्ये बीड जिल्ह्यात रुग्णालयानं मृत ठरवलेलं अकाली जन्मलेलं बाळ रात्र उलटून गेल्यावर पुरायला नेलं, तेव्हा आजीनं तोंड पाहू द्या म्हणून हट्ट धरला. कापड बाजूला केलं तर बाळ रडलं. लहान मुलांना आपल्याकडे पुरतात. वीर्ट्झच्या चित्राच्या इतकं जवळ जाणारं दुसरं उदाहरण मला आपल्या मुलखात माहीत नाही, आणि तिथे कामाला आली ती आजी.

या सगळ्या हकिगती वर्तमानपत्रांत आल्या, कारण त्या विरळा आहेत. पण मेल्यासारखा दिसणारा जिवंत माणूस जिथे खरोखर वारंवार सापडतो ती जागा म्हणजे पावसाळ्यातलं शेत, आणि त्यासाठी पुन्हा सौंसर-रामाकोन्याकडेच यावं लागतं. कपाशी, मका, संत्र्याचे बगीचे, रात्री राखणीला जमिनीवर टाकलेली सतरंजी. मण्यार रात्रीच फिरते. तिचे दात इतके बारीक की दंश बहुतेकदा कळतही नाही, सूज नाही, रक्त नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. घरच्यांना वाटतं अपचन. तासाभरात पापण्या जड होतात, उघडत नाहीत. मग बोलणं अडखळतं, थुंकी गिळवत नाही, मान धरत नाही, हातपाय लुळे पडतात. शेवटी छातीचे स्नायू थांबतात.

या अवस्थेतल्या माणसावर जाणत्या शेजाऱ्याच्या सगळ्या परीक्षा करून पाहा. सूत हलत नाही, चिमटा काढला तर हात उचलत नाही. पापणी वर केली तर बाहुली मोठी, उजेडानंही आक्रसत नाही, कारण तिचे स्नायूही लुळे पडलेले. सगळी लक्षणं मृत्यूची. आणि हृदय चालू! विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं, मेंदूला हात लावत नाही. श्वास तोकडा होईपर्यंत त्याला उशाशी चाललेलं रडणं ऐकू येत असतं. अशा रुग्णांना मेंदू मृत झाल्यासारखी लक्षणं असताना व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि काही दिवसांनी ते पूर्ण बरे होऊन घरी गेले, असे अनुभव भारतातल्या डॉक्टरांनी वेळोवेळी प्रसिद्ध केले आहेत. अवयवदानासाठी मेंदूमृत्यू ठरवताना 1994 च्या कायद्यानुसार चार डॉक्टर सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासतात. त्याआधी अशी फसवी कारणं नाहीत ना, ते पाहावंच लागतं, आणि मण्यारीचं विष त्यांतलंच एक.

साप चावलेल्याला जाळायचं नाही, ही चाल देशात अनेक ठिकाणी आहे. गंगेच्या काठी केळीच्या खुंटांच्या तराफ्यावर देह सोडत. बंगालात बेहुला साप चावून गेलेल्या नवऱ्याचं शव घेऊन अशाच तराफ्यावर निघाल्याची कथा घराघरांत आहे. हा अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नये. कुणीतरी, कधीतरी, ‘मेलेला’ उठताना पाहिला असणार. दंशात विष कमी गेलं असेल तर माणूस आपोआप सावरतोही. पण तराफा श्वास देत नाही. भगत-भुमक्याचा मंतरही देत नाही, आणि कडुलिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का हे पाहण्यात जी वीस मिनिटं जातात, ती त्या माणसाची शेवटची असू शकतात. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. त्यातली बरीचशी रुग्णालयाबाहेर गेली.

म्हणून या भागात घंटेची पेटी कुणी विकायला आणली तर मी तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. शहरात आता भाड्यानं मिळणारी गारव्याची शवपेटीसुद्धा मला पुरेशी भरवशाची वाटत नाही. तमिळनाडूतल्या सेलममध्ये ऑक्टोबर 2020 मध्ये 74 वर्षांचे गृहस्थ रात्रभर अशा पेटीत होते, आणि पेटी परत न्यायला आलेल्या माणसाला ते जिवंत असल्याचं दिसलं. त्या पेटीला ना नळी होती ना दोरी. असती तरी, डॉक्टरला बोलावलं नव्हतं ही उणीव दोरीनं भरून निघाली नसती.

तेव्हा शेतावर जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला आणि त्याच्या पापण्या खाली येऊ लागल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नका. 108 ला फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सौंसरला, तिथून लागलं तर छिंदवाडा किंवा नागपूरला न्या. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, त्याला चालवू नका. वाटेत श्वास थांबला तर तोंडानं श्वास देत राहा, अगदी रुग्णालयाच्या दारापर्यंत. आणि तो गेला असं गाडीतल्या कुणीही म्हटलं, कितीही जाणत्यानं म्हटलं, तरी डॉक्टरनं छातीला नळी लावून पाहीपर्यंत गाडी माघारी वळवू नका.